दाराआडून खेळलेला डाव

एका रविवारी दुपारी मी माझा राजा भर पटावर एकटा फिरायला काढला, आणि वजिराला घरात बसवून त्याच्याभोवती प्याद्यांचं कुंपण घातलं.

ज्यांना बुद्धिबळ येतं ते एव्हाना हसले असतील. ज्यांना येत नाही त्यांना सांगते. राजा अडकला की डाव संपतो, म्हणून त्याला आडोशाला ठेवायचं. वजीर सगळ्यांत जबर. उभा, आडवा, तिरका, वाटेल तितका धावतो, म्हणून लढायला त्याला पुढे काढायचं. एवढं तर माझ्या माहेरची, तिसगावातली शेंबडी पोरंसुद्धा जाणत होती. मीही जाणत होते. तरी मी नेमकं उलट केलं, आणि केलं ते मोठ्या ऐटीत, आपण काय सुरेख खेळतोय असं मनाशी म्हणत. समोर होते माझे सासरे. आणि डावावर लागलं होतं माझं बिऱ्हाड.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, वय सतरा. सासर नगरला, एका पेठेत, भाड्याच्या तीन खोल्यांत. आमचे हे श्रीरामपूरला शाळेत मास्तर. म्हणजे नवरा श्रीरामपूरला, बायको नगरला आणि मधे आगगाडी. हे पंधरा दिवसांनी एखाद्या शनिवारी यायचे आणि दर खेपेला थोडे कमी होऊन यायचे. खाणावळीत जेवत होते बिचारे. तिथल्या आमटीत डाळ शोधायची तर शाळेतलं भिंग न्यावं लागतं, असं सासूबाईंना सांगायचे. सांगायचे सासूबाईंना, पण बघायचे माजघराच्या दाराकडे. दाराआड मी असायची.

माझं म्हणणं साधं होतं. मला श्रीरामपूरला जाऊन दोन खोल्यांचं बिऱ्हाड मांडायचं होतं. पण ते मामंजींसमोर मांडणार कसं? आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी रीत होती. त्यात धाकदपटशा काही नव्हता. जशी चप्पल दाराबाहेर ठेवायची, तशी त्यांच्यासमोर जीभही, इतकंच. मामंजींना पाणी हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी हवं होतं." ती भिंत म्हणजे मी. मग मी पाणी नेऊन ठेवायची आणि ते तांब्याला म्हणायचे, "बरं झालं."

मामंजी कचेरीतून निवृत्त झालेले. उंच, काटक, बोलणं मोजकं. बुद्धिबळात पेठेत त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. केडगावाहून एक गृहस्थ दर रविवारी सायकल मारत यायचे ते केवळ हरायला. समोरच्या घरातले निवृत्त शिरस्तेदार तर रोजच हरायचे. हरून झालं की सुपारी कातरत बसायचे आणि कोणत्या चालीला आपण हरलो याचं मोठ्या आनंदानं वर्णन करायचे.

एका शनिवारी रात्रीच्या जेवणात ह्यांनी धीर केला. भाताचा घास हातातच ठेवून म्हणाले, "अण्णा, तिथे दोन खोल्या मिळतायत."

"कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

मामंजींनी ताकाची वाटी रिकामी केली. "तिथे ओळखीचं कोण आहे? रॉकेल मिळायची मारामार, साखर मिळायची मारामार. आणि सूनबाई अजून पोर आहे. परवा दूध उतू गेलं तेव्हा ती चुलीसमोरच बसली होती."

हे खरं होतं. दूध उतू जाताना कसं दिसतं ते मी बघत होते.

"संसार करायचा म्हणजे पुढचं दिसावं लागतं," मामंजी म्हणाले. "आज काय करतोय, त्यानं उद्या काय होईल, परवा काय होईल. ते दिसायला लागलं की बघू."

तेव्हा सासूबाई वाढता वाढता अगदी सहज बोलल्या, "तिला बुद्धिबळ येतं म्हणते. त्यात पुढचं दिसावं लागतं ना?"

मी आत कपाळाला हात लावला. सासूबाईंना हे मीच सांगितलं होतं, गहू निवडताना. आणि जरा वाढवूनच. तिसगावात माझे आजोबा भिक्षुकी करायचे आणि उरलेला वेळ बुद्धिबळ खेळायचे, त्यांनी मला शिकवलं. इथवर सगळं खरं. पुढे मी म्हटलं होतं, "आजोबांना मी नेहमी हरवायची." ते मला हरू देत नव्हते, कारण मी हरले की जेवत नसे, हा तपशील गव्हातल्या खड्यासारखा मी बाजूला काढून ठेवला होता.

ओसरीवर मामंजींनी वाटी खाली ठेवली. मग मामंजी हसले. ते हसले म्हणजे नाकातून एकदा हवा बाहेर आली.

"सूनबाईला बुद्धिबळ येतं? ठीक आहे. उद्या दुपारी बसू. मी माझा वजीर काढून ठेवून खेळेन. हरवलं तिनं मला, तर पुढच्या आठवड्यात खुशाल जा दोघं. नाही हरवलं, तर पुढची दिवाळी होईपर्यंत या घरात बिऱ्हाड हा शब्द निघायचा नाही."

"आणि तिनं खेळायचं कसं?" ह्यांनी विचारलं. "तुमच्यासमोर बसून?"

"छे! समोर कशाला?" मामंजींना तो विचारच पटला नाही. "ती आत बसेल. तिची आई... म्हणजे सासू मोहरे हलवेल."

आता सासूबाईंचं बुद्धिबळाचं ज्ञान सांगते. घरातला हा पट त्या रोज झटकत होत्या, मोहरे पिशवीत भरून ठेवत होत्या, महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावून पुसत होत्या. पण त्यातला कोण काय करतो, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. घोडा तेवढा ओळखायच्या, कारण त्याला तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली. ओसरीवर पट पसरला. मामंजींनी दोन्हीकडचे मोहरे स्वतः मांडले, आपला वजीर उचलून पिशवीत टाकला. शिरस्तेदार पंच म्हणून आले, पानाचा डबा घेऊनच. हे भिंतीला टेकून वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. ह्यांना बुद्धिबळ अजिबात येत नव्हतं, त्यामुळे डाव कसा चाललाय हे ते फक्त आमच्या चेहऱ्यांवरून वाचणार, आणि माझा चेहरा तर दाराआड. सासूबाई उंबऱ्यापाशी पाय दुमडून बसल्या. मी माजघरात, दाराची एक फळी लोटलेली, तिच्या फटीतून एक डोळा पटावर.

त्या फटीतून मला माझे मोहरे पाठमोरे, तिरके आणि अंधुक दिसत होते. मांडणीतले उंट, घोडे, हत्ती ओळखले. मधले दोघे राहिले: एक उंच, डोक्यावर कळस असलेला, दुसरा बुटका, गोल डोक्याचा. उंच तो वजीर, बुटका तो राजा. मला क्षणभरही शंका आली नाही.

याचं कारण तिसगावात होतं. आजोबांचे मोहरे गावच्या सुतारानं केले होते. त्याला खेळ येत नव्हता. आजोबांनी समजावलं, हा राजा, हा वजीर, हा असा चालतो, तो तसा चालतो. सुतारानं सगळं ऐकून घेतलं आणि वजीर केला टोलेजंग आणि राजा केला सुपारीएवढा. आजोबा म्हणाले, अरे, राजा मोठा हवा. तर सुतार म्हणाला, "जो लई राबतो त्यो मोठा नगं व्हय? राजा नुस्ता बसून ऱ्हातो. त्याला कशाला लाकूड घालवायचं?" आजोबांना हे इतकं पटलं की त्यांनी मोहरे तसेच ठेवून घेतले. मी त्याच मोहऱ्यांवर शिकले. जगात सगळीकडे राजा उंच आणि वजीर बुटका असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, समोर मामंजींचा वजीर काढलेला होता, म्हणजे त्यांच्याकडे उरला तो राजा, आणि तो तर उंच दिसत होता; तेवढ्यावरून कळायला नको? कळायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, मामंजींचा राजा आहे, तो उंचच असणार.

डाव सुरू झाला. आमचा देशी डाव, प्यादं एका वेळी एकच घर सरकायचं.

"सासूबाई, मधलं प्यादं एक घर पुढे," मी कुजबुजले.

"प्यादं कुठलं?"

"ती पुढची बुटकी रांग."

"सगळेच बुटके दिसतायत मला."

"तुमच्या बोटाखाली आहे ते नाही. त्याच्या शेजारचं. डावीकडचं. तुमच्या डावीकडचं!"

"हे?"

"हो."

"मग आधीच सांगायचं की हे म्हणून."

अशा थाटात आमच्या पहिल्या चाली झाल्या. मोहऱ्यांची नावं सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी रूपावरून सांगायला लागले. डबीसारखा तो हत्ती. टोपीवाला तो उंट. आणि मग आला उंचाचा नंबर. आजोबांची शिकवण होती, वजीर एकदम धावत काढायचा नाही; एकेक घर, आडोसा बघत, नव्या सुनेनं ओसरीवर यावं तसा. मी शिकवण तंतोतंत पाळली.

"सासूबाई, उंच आहे ना, तो एक घर पुढे."

सासूबाईंनी राजा उचलला आणि एक घर पुढे ठेवला.

मामंजींची भुवई वर गेली. शिरस्तेदारांचा अडकित्ता थांबला. मला फटीतून भुवई दिसली आणि बरं वाटलं. चाल लागू पडली म्हणायची.

पुढे मामंजींनी एक चाल केली, मी उंचाला आणखी एक घर पुढे सरकवलं, तिरका. मग आणखी एक. प्याद्यांच्या रांगेच्या पुढे माझा राजा एकटा उभा, आणि घरात माझा खरा वजीर. त्याच्यासमोरची प्यादी मी अशी एकाला एक चिकटवून ठेवलेली की त्याला बाहेर पडायला फट नव्हती. बुटक्याला जपायचं, हा माझा पण.

"ही तिसगावची पद्धत दिसते," शिरस्तेदार हळूच म्हणाले.

"दिसते," मामंजी म्हणाले.

"राजा स्वतः मोहिमेवर. आणि वजीर मागे राखीव. काहीतरी डाव आहे हो यात."

"मला दिसतंय," मामंजी म्हणाले. पण त्यांच्या आवाजावरून त्यांना काही दिसत नव्हतं. मला हे बोलणं अर्धवट ऐकू येत होतं, कारण त्याच वेळी सासूबाई मला विचारत होत्या की संध्याकाळी भाजी कसली करायची.

चांगला खेळणारा माणूस वेड्याला भितो. केडगावच्या गृहस्थांनी राजा असा बाहेर काढला असता तर मामंजींनी त्यांना दोन-चार चालींत घरी पाठवलं असतं. पण जिचा खेळ कधी बघितला नाही अशी सून, दाराआडून, एका दमात, न अडखळता राजाला पुढे पाठवतेय. म्हणजे पुढे काहीतरी सापळा असणार. ते विचार करायला लागले. चहा आणून ठेवला तो निवला. चहाकडे बघून ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र जरा खाली केलं.

शेवटी मामंजींनी घोडा आणला आणि म्हणाले, "शह."

मी फटीला डोळा लावून बघितलं. माझा राजा, म्हणजे मी राजा समजत होते तो, घरात सुखरूप. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. घोड्याचा रोख होता उंचावर. मग शह कसला? पण सासऱ्यांना, तुमचं चुकलं, असं सून सांगणार? मी मनाशी उलगडा करून घेतला: नगरकडे वजिरावर चाल आली तरी शह म्हणत असतील, समोरच्याला सावध करायला. मोठी माणसं ती. मी सौजन्य मनोमन स्वीकारलं आणि उंचाला बाजूच्या घरात सरकवलं.

थोड्या वेळानं पुन्हा "शह." पुन्हा उंचावर. या खेपेला माझा उंट त्यांच्या घोड्यावर होता, तो घोडा मी मारला.

"वा!" शिरस्तेदारांच्या तोंडून गेलं. "सापळाच होता!"

मामंजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की शिरस्तेदार पुन्हा सुपारी कातरायला लागले. सासूबाईंनी घोडा उचलून पदरात टाकला. "आपला झाला का हा?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की पुढे प्रत्येक चालीला त्या विचारायला लागल्या, "आता कुणाला आणायचंय?"

खरं सांगते, त्या घोड्यानंतर मी खेळत नव्हतेच. मी श्रीरामपूरला पोचले होते. खिडकी कोणत्या बाजूला असेल, चूल कुठे मांडायची, ह्यांना पहिल्या दिवशी आमटीत किती डाळ घालायची, ती डाळ बघून ह्यांचा चेहरा कसा होईल. डाव तर जिंकलेलाच होता. समोर मामंजींचा एक हत्ती कोपऱ्यात उभा, त्याला कुणाचा जोर नाही, राखणारं मागे कुणी नाही. माझ्या उंचापासून थेट तिरकी वाट मोकळी. आजोबांचे शब्द आठवले: वेळ आली की वजिराला सोडायचं.

"सासूबाई," मी म्हटलं, आणि आता कुजबुजायचंही सुचलं नाही, "तो उंच उचला. तिरका न्या. थांबू नका, थेट कोपऱ्यापर्यंत. तिथला हत्ती आपला."

सासूबाईंनी राजा उचलला, चार घरं ओलांडून कोपऱ्यात ठेवला, हत्ती पदरात घेतला आणि विजयानं इकडेतिकडे बघितलं.

अडकित्ता थांबला. वर्तमानपत्र मांडीवर पडलं.

"हे काय?" मामंजी म्हणाले.

"हत्ती घेतला," सासूबाई म्हणाल्या.

"राजानं?"

"उंचानं."

"अहो, पण राजा एका वेळी एक घर चालतो! असा पळत सुटत नाही!"

आणि मी, जिनं वर्षभर या घरात मामंजींसमोर तोंडातून ब्र काढला नव्हता, ती दाराच्या आतून ओरडले, "वजीर आहे तो, मामंजी!"

माझे माझ्या सासऱ्यांशी पहिले शब्द हे. चुकीचे, आणि तेही ओरडून.

मामंजींनी दाराकडे बघितलं. मग पटाकडे. मग घरात कोंडून ठेवलेल्या माझ्या बुटक्याकडे. एकेक चाल त्यांच्या डोळ्यांपुढून मागे जात असावी. मग त्यांनी हळूच विचारलं, आणि या खेपेला भिंतीला नाही, "म्हणजे मघापासून... तो वजीर समजून चालवत होतात?"

"हो."

"आणि हा आतला?"

"तो राजा."

शिरस्तेदारांना ठसका लागला. सुपारी अडकली की हसू, कळलं नाही. ह्यांनी उठून त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या. मामंजी मात्र हसले नाहीत. तासभर ज्या सापळ्याचा ते विचार करत होते तो सापळा नव्हताच, हे पचवायला त्यांना वेळ लागत होता.

"चाल मागे घ्या," शिरस्तेदार डोळे पुसत म्हणाले. "पण हात लागलाय राजाला. राजाच हलवावा लागेल."

"हात माझा लागला," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे खेळतेय?"

"वहिनी, नियम आहे."

"असेल. माझ्यासाठी नाही."

"सूनबाईंनी बाहेर यावं," मामंजी मधेच म्हणाले. "इथे बसावं आणि आपल्या हातानं खेळावं. बास झाली ही कुजबुज. नुसतं ऐकून माझं डोकं फिरलंय."

मी पदर सावरून बाहेर आले. सासूबाई जरा सरकल्या. पहिल्यांदा मी पट जवळून, सरळ, उजेडात बघितला. राजा बिचारा मधोमध, उघड्यावर, भोवती मामंजींचे उंट, हत्ती आणि उरलेला घोडा. वजीर घरात, प्याद्यांच्या मागे. इतक्या प्रेमानं मी त्याला कोंडलं होतं की त्याला बाहेर काढायला दोन प्यादी सरकवावी लागणार होती, आणि तेवढा वेळ मला कोण देणार?

पण मामंजींनी दिला. मुद्दाम दिला की माझ्या राजाच्या पुढच्या वेड्या चालीची वाट बघायची सवय झाली होती म्हणून, कोण जाणे. मी राजाला मागे ओढला, एक प्यादं सरकवलं, मग दुसरं, आणि शेवटी माझा बुटका वजीर बाहेर आला. मी त्याला तिरका थेट त्यांच्या राजासमोर नेऊन ठेवला. मोहरा ठेवला, आणि बोलायची वेळ आली. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"शह," मी म्हटलं.

मामंजींनी मान वर केली. "जरा मोठ्यानं. पंच तिकडे बसलेत."

"शह!"

"हां," मामंजी म्हणाले, आणि नाकातून हवा बाहेर आली.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी शोभा नाही. मला वाटलं, आता आपलंच राज्य. वजीर मिळाल्यावर मी जिकडेतिकडे शह देत सुटले, जणू शह देणं हेच खेळाचं काम. मामंजी प्रत्येक शहाला राजा एक घर सरकवायचे, आणि नवा शह शोधायला मी वजीर नुसता इकडून तिकडे नेला की तेवढ्या चालीत त्यांचं एक प्यादं माझ्या राजाच्या आणखी जवळ येऊन बसायचं. ते प्यादं मला दिसलंच नाही. इतकं लहान, आणि मी बघत होते उंचांकडे. शेवटी त्यांनी ते एक घर पुढे ढकललं, बोट त्याच्या डोक्यावर तसंच ठेवलं आणि म्हणाले, "मात."

मी बघितलं. इकडे उंट, तिकडे हत्ती, समोर प्यादं. जायला जागा नाही. आमच्या देशी खेळात प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची, करणाऱ्याला. झालेल्याला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली. पुढची दिवाळी मला आभाळाएवढी लांब दिसायला लागली. मी उठून आत गेले आणि परातीत थालीपिठाचं पीठ मळायला घेतलं. त्यात मीठ घालायची मला गरज पडली नाही, असं सासूबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या. ती त्यांची बनवाबनवी. मी दोन थेंबांपेक्षा जास्त रडले नव्हते.

बाहेर शिरस्तेदार मोहरे पिशवीत भरत होते, आणि सासूबाई मात्र उंबऱ्यावरच ठाण मांडून बसल्या होत्या.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "पैज कुणाशी लागली होती?"

"सुनेशी," मामंजी म्हणाले.

"आणि अर्ध्याहून जास्त डाव खेळलं कोण? मी. ती आत, मी बाहेर. तुम्हीच बसवलंत असं. तिला धड दिसत नव्हतं आणि मला काही येत नव्हतं. म्हणजे तुम्ही हरवलंत कुणाला?"

"अगं, ती सांगत होती, तू हलवत होतीस."

"मी कोपऱ्यात नेऊन ठेवला तेव्हा तुम्ही कुणाकडे बघून ओरडलात? माझ्याकडे."

शिरस्तेदारांनी पिशवीची नाडी ओढली आणि घसा साफ केला. त्यांचं आयुष्य कचेरीत कागद वाचण्यात गेलं होतं. दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी जागा दिसली की त्यांना राहवत नसे. "वहिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे," ते म्हणाले. "आणि आणखी एक. तुम्ही वजीर काढून दिलात, ती सवलत. पण मुलीनं तरी वजीर कुठे वापरला? तो घरात पडून. वर राजा लढाईवर. म्हणजे सवलत तिनं परत केली, आणि वर आणखी उधार दिलं! एवढं असून तुमचा घोडा गेला आणि चहा निवला. मी रोज पूर्ण सैन्य घेऊन बसतो, माझ्यासाठी तुमचा चहा कधी निवलाय?"

"मी सापळा समजत होतो," मामंजी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. पंच म्हणून डाव बाद धरतो."

शिरस्तेदार घरी गेले, हे विहिरीवर पाणी आणायला गेले, आणि मी आतून ऐकलं ते एवढंच: पिशवीची नाडी पुन्हा सुटली, मोहरे पुन्हा पटावर मांडले गेले. बराच वेळ मोहरे हलल्याचा आवाज येत होता. मी दाराच्या फटीतून बघितलं. मामंजी एकटेच बसून माझ्या बाजूनं खेळत होते. राजा पुढे काढला होता, वजीर घरात ठेवला होता, आणि पटाकडे असे बघत होते जसं मी उतू जाणाऱ्या दुधाकडे बघितलं होतं.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. भिंतीला नाही, तांब्याला नाही. "सूनबाई."

मी पीठ लागलेल्या हातानं दारात येऊन उभी राहिले. हेही मागे येऊन उभे राहिले, हातात कळशी तशीच.

मामंजी पटावरून नजर न काढता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात श्रीरामपूरला जा, तुमचं बिऱ्हाड मांडा. पण आजचा डाव बाद आहे, म्हणजे तो खेळायचा राहिलाय. महिन्यातून एक रविवार इथे यायचं, आणि बसायचं ते समोर, दाराआड नाही. ह्याला शाळेच्या कामातून सवड मिळाली नाही, तर ह्याला आणू नका."